उतारावर एक माणूस जास्त

रवळूला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तीन-चार वर्षं आम्ही बेळगावात एकाच कचेरीत होतो. मी कारकून, तो शिपाई. तो कशाला हसायचा, त्याला कुठली भाजी आवडायची, एकटा असताना तो काय करायचा, यातलं मला काहीही ठाऊक नाही. त्याचं आडनाव लिहायचं म्हटलं तरी आज हात थांबतो. चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

पण करंजव्हाळचा जुना पूल आता पाडणार आहेत. तिथल्या मंडळींचा निरोप आला की तो कसा झाला हे ठाऊक असलेले आता तुम्हीच उरलात, चार ओळी लिहून द्या. कचेरीच्या कागदांखेरीज मला लिहायची सवय नाही. पत्रंसुद्धा मुलगाच लिहितो. पुलाचं लिहायला बसलो आणि रवळूच पुढ्यात येऊन बसला. त्यामुळे जे लिहिलं जाईल ते त्याचंच असेल.

करंजव्हाळ निपाणीपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे. मध्ये व्हाळ, म्हणजे मोठा ओढा, लागतो, त्यावरूनच गावाला नाव पडलं. जिथून पाण्यात उतरून पलीकडे जातात त्या जागेला तिथं उतार म्हणतात. उन्हाळ्यात उतारावर घोटाही बुडत नाही. पावसाळ्यात मात्र वरच्या अंगाला पाऊस झाला की इकडे कोरड्या आभाळाखाली एकदम लोंढा येतो. उताराच्या जरा खाली डोह आहे. गावातली किती माणसं त्या डोहात राहिली ते मी विचारलं नाही. तिथं तसं विचारत नाहीत.

रवळूची बायको ताराबाई त्यातलीच. एका पावसाळ्यात ती वांग्यांची बुट्टी घेऊन बाजाराला गेली, माल विकून रिकामी बुट्टी डोक्यावर घेऊन परत येत होती, आणि पाणी आलं. ती सापडली नाही. बुट्टीही नाही. त्यानंतर रवळूनं जमीन थोरला भाऊ भरमू याच्या हवाली केली आणि बेळगावात येऊन आमच्या कचेरीत शिपाई झाला. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. त्यानं स्वतः तिचं नाव माझ्यापाशी कधी काढलं नव्हतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी निपाणीच्या बाजूला एक पूल बांधायचं कचेरीनं ठरवलं. एकच पूल आणि जागा दोन. एक करंजव्हाळचा उतार, दुसरी वरच्या अंगाला तंबाखूच्या वखारीपाशी. ज्या वाटेनं माणसांची वर्दळ जास्त तिथं पूल, असा हुकूम होता. त्यासाठी घरोघर जाऊन लोकांच्या येण्याजाण्याची पाहणी करायची. आमचे वरिष्ठ मारुतीराव. ते टिळकवाडीत राहत, माणूस शिस्तीचा पण चांगला. मला लिहायला घेतलं. रवळू आपणहून पुढं आला.

"साहेब, मला गाव ठावं हाय. मला घ्या."

एवढं एकच वाक्य. पण ते म्हणताना त्यानं दाराची चौकट धरली होती ती सोडली नाही. पूल उतारावर व्हावा, तिथं आणखी कुणी राहू नये, याखेरीज त्याला दुसरं काही नको होतं. इतकं मला तेव्हाही कळलं.

वखारीकडची पाहणी झाली होती. तिथल्या माणसांनी भरभरून सांगितलं होतं. मग आम्ही बाजारच्या दिवशी सकाळी करंजव्हाळला पोचलो. कागदावर पहिला प्रश्न होता: या घरातून कोण कोण, कुठे कुठे जातात? मूळ इंग्रजीवरून कुणीतरी तसं करून दिलं होतं. मारुतीरावांनी तो पहिल्याच घरी खड्या आवाजात वाचला. ओट्यावर बायाक्का नावाची म्हातारी शेंगा फोडत होती.

"आमच्यातलं कोण जाईत न्हाय," ती म्हणाली.

"कोणीच नाही? निपाणीला तरी जात असतील."

"कोण जायाचं न्हाय म्हटलं की. तुमच्यातलं कोण जायाचं असंल तर जावा!"

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरीही. तेवढ्यात भावकू नावाचा एक शेतकरी डोक्यावर बुट्टी घेऊन समोरून आला. तोंड सरळ निपाणीकडे.

"काय हो, कुठं चाललात?" मारुतीरावांनी विचारलं.

भावकू जागच्या जागी थांबला. त्यानं बुट्टी उतरवली, ओट्यावर बसला, पाणी मागितलं.

"कुठं न्हाय," तो वैतागून म्हणाला. "आता बसतो जरा. निघताना कुठं म्हणून इचारलंसा, आता काय इकतंय माझं? म्या कुटं बी जाईत न्हाय. म्या येतोय."

"अहो, बाजाराला जाताय ना?"

"बाजार करून येतोय म्हटलं की, सायेब!"

दुपारपर्यंत सगळं गाव विचारून झालं. कागदाप्रमाणे करंजव्हाळमधलं एकही माणूस कुठंही जात नव्हतं. आणि गाव तर निम्मं रिकामं होतं. आम्ही चावडीत बसलो. मारुतीराव कागद चाळत होते, आणि मी भीत भीत म्हणालो, "साहेब, प्रश्नातच घोटाळा आहे. आपण ‘कोण जातं’ म्हणून विचारतोय, त्यांना ‘कोण गेलं’ असं ऐकू येतंय."

ते माझ्याकडं बघत राहिले आणि एकदम हसले. "खरंच की हो! मी घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं तर आमची मंडळी उंबऱ्यातून परत आत घेते. आणि इथं दारात उभा राहून विचारतोय की घरातलं कोण कोण जातं!"

रवळू हसला नाही. तो उंबऱ्याशी बसला होता. "हितं तर तसं बोलूच नये," तो म्हणाला. "हितनं गेल्याली हाईत."

मारुतीरावांनी प्रश्न खोडला. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो म्हणाले. नवा प्रश्न असा ठरला: काल या घरात कोण कोण आलं, आणि कुठनं आलं? वर्षभराचं, महिन्याचं विचारायचं नाही, कालचंच. बाईमाणसाला बाईमाणसाचं विचारायचं, पुरुषाला नाही. आणि सांगतील ते सगळं मांडायचं, आपल्या मनानं गाळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी रवळू तो प्रश्न घेऊन निघाला आणि गाव बोलायला लागलं. बाजाराहून आलेले, गिरणीवरून पीठ घेऊन आलेली, लेकीला भेटून आलेली, वैदूकडून औषध आणलेली. "आलो की! आलतो म्हंजे काय, पाय मोडंस्तवर आलतो!" भावकूनं तर आपलं येणं वाटेतल्या मुक्कामांसकट सांगितलं. बायकांचं येणं कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या तर थांबेनात.

मारुतीराव खूश झाले, पण माणूस शिस्तीचा. म्हणाले, घरातली उत्तरं खरी की नाही हे उतारावर बसून पडताळायचं. म्हणून पुढच्या बाजाराला मी सकाळपासून गावच्या बाजूला करंजाच्या झाडाखाली बसलो. रवळूनं मला सोपी रीत दाखवली. माणूस पलीकडे निघालं की करंजाची एक बी बुट्टीत टाकायची. परत आलं की एक बी काढायची. परगावचा पाव्हणा असला तर वेगळा विचारून घ्यायचा. संध्याकाळी बुट्टी रिकामी झाली की सगळी माणसं घरी आली. त्या वाटेला दुसरं गावच नव्हतं, त्यामुळे चूक होण्याजोगं काही नव्हतं.

उन्हं कलल्यावर माणसं परतू लागली. बिया कमी होत गेल्या. शेवटी भावकू आला, मी शेवटची बी काढली आणि बुट्टी उपडी करून झटकली. उठलो, धोतर झटकलं, आणि पाण्याकडे पाहिलं तर आणखी एक बाई येत होती. अजून उजेड होता. डोक्यावर रिकामी बुट्टी, पदर दातात धरलेला. पाणी घोट्याएवढं होतं, पण तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. मी सवयीनं बुट्टीत हात घातला. हाताला बुट्टीचा तळ लागला.

ती माझ्याकडं न बघता चढून गावात गेली.

मी कागदावर आलेल्यांत आणखी एक माणूस मांडलं. माझ्या हातून एखादी बी टाकायची राहिली असणार असंच मला वाटलं. माझ्या हातून काहीतरी राहतंच. पण दुसऱ्या दिवशी रवळूनं घरोघरचं आणलं तर ते निघालेल्यांशी तंतोतंत जुळत होतं. फक्त उतारावरून आलेल्यांत एक माणूस जास्त होतं. मारुतीरावांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "पुढच्या बाजारला मी पण बसतो," ते म्हणाले.

पुढच्या बाजारला ते माझ्या शेजारी बसले. त्यांची मोजणी वेगळी, माझी वेगळी. माझी बुट्टी पुन्हा वेळेवर रिकामी झाली. पुन्हा ती बाई आली. या वेळी मी तिचे पाय बघायचं ठरवलं होतं, आणि नेमकं तेव्हाच मला बुट्टीवरून नजर उचलता आली नाही. ती गेल्यावर दगडांवर पाण्याची धार उरली होती, एखादी भरलेली घागर कुणी हिंदकळत नेल्यासारखी.

"ही शेवटची बाई कुणाच्या घरची?" मारुतीरावांनी विचारलं.

रवळू आमच्या मागं झाडाला टेकून उभा होता. तो कधी आला होता कुणास ठाऊक. "बघितली न्हाय मी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिळून घरोघर फिरलो. तसली बाई कुणाच्याच घरात आलेली नव्हती. बायाक्का तर मारुतीरावांवर डाफरली. "बाई हरावली म्हणून हुडकत्यात, बाई जास्ती झाली म्हणून हुडकणारं तुमीच पयलं!"

चावडीत येऊन मारुतीरावांनी दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी मांडल्या. मग म्हणाले, "हा मेळ बसला नाही तर मला ‘पाहणी भरवशाची नाही’ असं लिहावं लागेल. मग वरचे वखारीपाशीच पूल करणार. तिथल्या आकड्यांत खोट निघालेली नाही." ते माझ्याशी बोलत होते, पण मी रवळूकडं पाहिलं. त्यानं चावडीची चौकट धरली होती.

"सगळी घरं झाली?" मारुतीरावांनी विचारलं.

"झाली," रवळू म्हणाला.

"तुझं?"

"माझं मी मांडलंय की. भरमूदादा आलता, तेवढाच."

"तू मांडलंस. विचारलं कुणी?"

विचारणाऱ्याचं घर विचारायचं राहून गेलं होतं. मारुतीरावांनी मला उठवलं. "तुम्ही विचारा. हा आपल्या घरी नीट विचारणार नाही."

रवळूचं घर उताराकडून येणाऱ्या वाटेवरचं पहिलंच. त्याची आई मनुबाई दारात तांदूळ निवडत होती. भरमू गोठ्यात होता. रवळू अंगणातच थांबला, ओट्यावर आला नाही. मी कागद काढला आणि विचारलं, "आक्का, काल घरात कोण कोण आलं?"

"भरमू आला," म्हातारी म्हणाली. हात सुपातच. "मीठ इसारला तंबाखूपायी. मग तारी आली."

मी मारुतीरावांकडं पाहिलं. ते म्हणाले, "कोण तारा?"

"माझी सून. दर बाजारला येत्या. बोलत बिलत न्हाय. बुट्टी हितं ठेवत्या आन् बसत्या जरा. उठली की बुट्टी बी न्हाय, ती बी न्हाय. पाणी तेवढं ऱ्हातंय."

तिनं सुपातल्या हातानंच दाखवलं. बाहेर ऊन रखरखत होतं, सगळं अंगण सुकलेलं, आणि दाराजवळची सारवलेली जमीन बसायच्या पाटाएवढी काळी ओली होती.

"आई, गप," रवळू अंगणातून म्हणाला.

"का रं गप? घराघरात इचारत फिरतुयास कोण आलं, कोण आलं म्हणून. माझ्यापाशी कधी इचारलंस? गेली म्हणून मोकळा झालास आन् बेळगावला जाऊन बसलास. मी हितं हाय. मी बघत्या कोण येतंय ते."

मग मारुतीराव हळू आवाजात मला म्हणाले, "लिहा."

"साहेब?"

"घरातलं माणूस सांगतंय ते मांडायचं, आपल्या मनानं गाळायचं नाही, असं आपणच ठरवलं. आणि तुम्ही पाहिलंय. मीही पाहिलंय."

मी रवळूकडं पाहिलं. ते नाव घरात आलेल्यांत लिहिलं की मेळ बसणार होता, पूल होणार होता. तो मला काही सांगणार तोच म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"पूल बांधतायसा म्हणं," ती म्हणाली. "मग ती कुटनं येणार रं रवळ्या? ती पाण्यातनं येत्या. खाली कोण उतरंना झालं, वाट मोडली, तर तिला हिकडं कोण आणायचं?"

रवळू ओट्यावर आला. आईच्या पुढ्यात, त्या ओल्या जागेपासून हातभर लांब, उकिडवा बसला. आधी जमिनीकडं बघत राहिला. मग त्यानं हात पुढं केला आणि पंजा त्या ओलीवर टेकवला.

"मी हाय की," तो म्हणाला. "सारं गाव वरनं येऊ दे. मी खालनं येतो. दर बाजारला येतो. वाट मोडू देत न्हाय." आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "लिवा आण्णा. ताराबाई. बाजारातनं."

मी लिहिलं. मेळ बसला. मारुतीरावांनी खाली सही केली.

पूल करंजव्हाळला मंजूर झाला. दीड-दोन वर्षांत उभाही राहिला. त्यानंतर पुलावरून येणारं त्या गावचं कुणी डोहात राहिलं नाही, हे मी विचारून खात्री करून लिहितो आहे. उद्घाटनाला सगळे वाजतगाजत पुलावरून गेले. रवळू खालून आला. लोकांनी चेष्टा केली. "पूल आणला आन् सोता बेडकासारखा पाण्यात!" भावकू वरून ओरडला. रवळूनं मान वर करून हात केला, बस्स. कचेरीत तो दर बाजारच्या आदल्या दिवशी रजा मागायचा. मारुतीराव कधी नाही म्हणाले नाहीत. पावसाळ्यात तो काय करायचा, पाणी चढलं असताना कसा यायचा, हे मला विचारायचा धीर झाला नाही.

एका श्रावणात तो रजेवर गेला तो कचेरीत पुन्हा दिसला नाही. काही दिवसांनी भरमू आला, टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "रवळू आता येत न्हाय, सायेब." ताप होता की पाणी होतं, हे त्यानं सांगितलं नाही. त्याच्या गावच्या रीतीप्रमाणे मीही विचारलं नाही.

पुलापाशी माझी त्याची शेवटची भेट त्याच्या आधीची, वैशाखातली. कठड्याला तडा गेल्याची तक्रार होती, ती बघायला मला पाठवलं होतं. बाजारचा दिवस होता, म्हणून निपाणीपासून आम्ही बरोबरच चालत आलो. वाटेत तो नेहमीसारखाच कमी बोलला. तंबाखूचा भाव पडल्याचं काहीतरी म्हणाला. पुलाशी आल्यावर त्यानं पायताण काढून माझ्या हातात दिलं.

"एवढं पलीकडं न्या. भिजलं की चावतंय."

मी त्याचं पायताण घेऊन पुलावरून निघालो. तो खाली उतरला. पाणी अगदी थोडं होतं. मी कठड्याचा तडा बघितला, आणि बघता बघता खाली पाहिलं. तो सावकाश येत होता, पायाखालचे दगड चाचपत, एक हात जरा मागं धरून. अंधारात कुणाला वाट दाखवत यावं तसा. मी परत तड्याकडं बघायला लागलो.

पलीकडे करंजाच्या झाडाशी तो वर आला तेव्हा मी पायताण खाली ठेवलं. काय सुचलं कुणास ठाऊक, जुन्या सवयीनं मी थट्टेत विचारलं, "काय रवळू, कोण कोण आलं?"

तो पायताणात पाय घालत होता. "दोघं," तो म्हणाला, सहज, भाव सांगावा तसा. मग मान वर करून म्हणाला, "भाकरी खाऊन तरी..."

"नको रे, मोटार चुकेल."

"बरं. या मग."

"येतो," मी म्हणालो.